गाजर गवताचे निर्मूलन आणि श्रमदानाची वेळ

सार्वजनिक जागेतील उपद्रवी तण काढण्यासाठी गावकऱ्यांना, विद्यार्थ्यांना किंवा शहरातील एखाद्या वसाहतीच्या रहिवाशांना एकत्र आणणे हे काम वरकरणी अगदी सोपे दिसते. दवंडी द्यावी, खुरपी-विळे गोळा करावेत, सकाळच्या प्रहरी शंभर-दोनशे हात कामाला लावावेत आणि दुपारपर्यंत उपटलेल्या झाडांचा ढीग रचून घरी जावे, एवढ्यात ते आटोपते अशी सर्वसाधारण समजूत आहे. मग ज्या जागी गेल्या वर्षी असा समारंभ यथासांग पार पडला, तिथेच यंदाच्या पावसाळ्यात तेच तण कमरेएवढे का माजावे? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ कार्यकर्ते लोकांच्या अनास्थेत शोधतात, आणि त्यामुळे पुढल्या वर्षी आणखी माणसे जमवण्याच्या खटपटीला लागतात. उत्तर त्या वनस्पतीच्या आयुष्यक्रमात आहे. तण केव्हा उगवते, केव्हा फुलते, बी केव्हा गाळते आणि रिकाम्या झालेल्या जमिनीवर पुन्हा कसे चढाई करते, हे जाणून त्याप्रमाणे दिवस, माणसे व हत्यारे यांची तजवीज केली तर तीस माणसांचे काम टिकते. ते न जाणता केले तर तीनशे माणसांचे श्रमही वाया जातात. हे विधान सर्वच तणांना लागू असले तरी महाराष्ट्रात ते सर्वाधिक लागू पडते गाजर गवताला, म्हणून त्याचाच येथे विस्ताराने विचार करणे योग्य होईल.

काँग्रेस गवत, पांढरी फुली अशा नावांनीही ओळखली जाणारी ही वनस्पती मूळची मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या उष्ण प्रदेशातील. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला पार्थेनियम हिस्टेरोफोरस म्हणतात. भारतात तिची शास्त्रीय नोंद झाली ती पुण्यात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली त्या नोंदीला प्रसिद्धी मिळाली. अन्नधान्याच्या टंचाईच्या त्या काळात अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी येथे पोहोचले, असे सर्वत्र मानले जाते, आणि अमेरिकेच्या १९५४ सालच्या ज्या कायद्याखाली पुढे हा धान्यपुरवठा होत राहिला त्या ‘पीएल ४८०’ चे नाव त्यामुळे या गवताला कायमचे चिकटले आहे. वाट कोणतीही असो, पुण्याच्या उकिरड्यांवर व पडीक जागांवर दिसू लागलेल्या या झाडाने त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत रेल्वेचे रूळ, रस्त्यांच्या कडा, कालव्यांचे भराव आणि बाजारसमित्यांची आवारे यांच्या आश्रयाने देशाचा बहुतेक सर्व मुलूख व्यापला. कर्नाटक सरकारने तर १९७५ साली त्याला कायद्याने उपद्रवी तण म्हणून घोषित केले.

एवढा विस्तार या गवताला कसा साधला, हे समजून घेतल्याखेरीज त्याच्याविरुद्ध कोणतीही मोहीम आखता येत नाही. एका जोमदार झाडाला दहा ते पंचवीस हजारांपर्यंत बिया धरतात. त्या इतक्या बारीक व हलक्या असतात की वाऱ्याने, पाटाच्या पाण्याने, गुरांच्या खुरांना व वाहनांच्या चाकांना लागलेल्या चिखलाने, शेणखताने आणि बियाण्यातील भेसळीने त्या सहज दूरवर जातात. या बियांना विश्रांतीचा दीर्घ काळ लागत नाही. ओल मिळाली की त्या बाराही महिने उगवू शकतात, आणि ज्या मातीखाली गाडल्या जातात त्या कित्येक वर्षे जिवंत राहतात. उगवलेले रोप प्रथम जमिनीलगत गाजरासारख्या कातरलेल्या पानांचे चक्र पसरते, त्या चक्राखाली दुसऱ्या रोपाला उजेड मिळू देत नाही, मुळांवाटे व कुजणाऱ्या पानांवाटे जमिनीत अशी द्रव्ये सोडते की शेजारच्या वनस्पतींची उगवण खुंटावी, आणि मग महिना-दीड महिन्यातच उंच होऊन पांढऱ्या फुलांनी भरून जाते. गुरे ते सहसा खात नाहीत. दुष्काळात नाइलाजाने खाल्ले तर दूध कडवट होते. थोडक्यात, चरणारे तोंड नाही, शेजाऱ्याची स्पर्धा नाही आणि बियांची तर मोजदाद नाही, अशी त्याची स्थिती आहे.

आता शेतकऱ्यांच्या नक्षत्रमानाने हा क्रम लावून पाहावा. मृगाच्या सरींबरोबर, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून, पावसाळी पिढीची उगवण सुरू होते. आर्द्रा संपता संपता रोपे वीतभर पसरलेली असतात. पुनर्वसू आणि पुष्य या नक्षत्रांत, जुलै महिन्यात, पहिल्या झाडांवर कळ्या दिसू लागतात. आश्लेषा-मघांत शिवार पांढरे होते आणि पूर्वा-उत्तरांत बी गळून जमिनीत मिसळते. याचा अर्थ असा की, मुळासकट उपटण्याचा खरा हंगाम आर्द्राच्या अखेरीपासून पुष्यापर्यंतचा, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंतचा आहे. या काळात जमीन भिजलेली असल्यामुळे सोटमूळ अखंड निघते, झाडावर बी नसते, परागही अद्याप उडू लागलेले नसतात, आणि उपटलेला पाला निर्धास्तपणे खतात घालता येतो. त्याच झाडाला दोन महिन्यांनी हात घातला तर ओढताना हजारो बिया भुईवर सांडतात, उरलेल्या फुलोऱ्यातील बी ढिगातच पक्व होते, आणि वाहून नेताना वाटेवर त्याची पेरणी होते.

आपल्याकडील सार्वजनिक श्रमदानाचे दिवस मात्र बहुधा दुसऱ्याच हिशेबाने ठरतात. स्वच्छतेचे मोठे उपक्रम २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी होतात, तेव्हा हस्त नक्षत्र लागलेले असते आणि गाजर गवताची पावसाळी पिढी आपले कार्य उरकून बसलेली असते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली, आणि तिच्या तरुण स्वयंसेवकांनी गावोगाव केलेले काम निःसंशय मोलाचे आहे. परंतु तिची खेड्यांतील निवासी शिबिरे बव्हंशी हिवाळ्यात भरतात, आणि त्या वेळी वाळलेली झाडे उपटणे म्हणजे त्यांच्यावर उरलेले बी झाडून घेणे होय. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह देशभर पाळला जातो. लोकशिक्षणाच्या दृष्टीने तो उपयुक्तच आहे, तथापि महाराष्ट्रात, जिथे मृगाचा पाऊस वेळेवर पडतो तिथे, त्या सप्ताहापर्यंत पहिली उपटणी संपून दुसरी चालू असली पाहिजे. माझे स्पष्ट मत असे की, ज्या गावाला वर्षातून एकच दिवस देता येत असेल त्याने तो जुलैत द्यावा, आणि जुलैत देता येत नसेल तर उपटणीचा नाद सोडून, पुढे सांगितले आहे ते हिवाळी काम करावे.

जुलै महिना निवडण्यात अडचणी आहेत, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा प्रत्येकाच्या शेतात स्वतःची खुरपणी, कुठे तिला भांगलण म्हणतात तर विदर्भात निंदण म्हणतात, ती ऐन भरात असते. मजुरीचे चार पैसे मिळण्याचे ते दिवस, त्यांत गायरानातले तण उपटायला फुकट यायला सांगणे हे गरिबाच्या पोटावर येणारे आहे. यावर उपाय असा की, ज्या दिवशी आठवडी बाजारामुळे शेतकाम एरवीही थांबलेले असते, त्या दिवशीची सकाळ मागून घ्यावी आणि दोन-अडीच तासांहून अधिक काळ कोणाला अडकवून ठेवू नये. आषाढी एकादशीला गावातील पुष्कळ मंडळी पंढरपुरास गेलेली असतात, म्हणून ती परत येईपर्यंत थांबावे. नागपंचमीला जमीन खणू नये, नांगरू नये अशी रूढी आहे. त्या दिवशी खुरपी घेऊन बोलावले तर वडीलधारी माणसे येणार नाहीत, आणि त्यांच्या भावनेचा मान राखण्यात कार्याची काहीच हानी होत नाही. जमिनी, पाऊस आणि माणसे यांचे असे तारतम्य ठेवून ठरवलेल्या तारखा ग्रामसभेपुढे आगाऊ मांडाव्यात. १ मे रोजी ग्रामसभा भरवण्याचा प्रघात बहुतेक गावांत आहे, आणि पावसाळ्याच्या कामाचा ठराव करायला याहून सोयीचा दिवस नाही.

ठरावात तारखांइतकेच महत्त्व हद्दींना आहे. गायरान, गावठाण आणि शाळेचे आवार यांची व्यवस्था ग्रामपंचायतीकडे येते. हमरस्त्याच्या कडा बांधकाम खात्याच्या, कालव्याचे भराव पाटबंधारे खात्याचे, रुळांलगतची जागा रेल्वेची. आणि गावालगतचे अनेक पडीक तुकडे सातबारावर परगावी राहणाऱ्या मालकांच्या नावे असतात. ज्याची जमीन त्याची लेखी संमती आधी घेतलेली बरी, कारण एरवी उपकार म्हणून केलेल्या कामातून अतिक्रमणाची तक्रार उद्भवते आणि गावात तट पडतात. तलाठ्याकडून नकाशा पाहून घ्यावा, ग्रामसेवकाकडून खात्यांना पत्रे पाठवावीत, आणि मालक किंवा खाते स्वतः तण काढायला तयार असेल तर त्याच्यावर ती जबाबदारी सोपवून आपली माणसे दुसरीकडे न्यावीत.

सर्वांत काळजीपूर्वक विचार करण्याची बाब म्हणजे कामाला येणाऱ्यांचे आरोग्य. गाजर गवताच्या पानांत, खोडावरील सूक्ष्म केसांत व परागांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते, आणि त्याच्या वारंवार संपर्काने काही माणसांच्या त्वचेला असा दाह जडतो की पापण्या, मान, कोपराची व गुडघ्याची लवण येथील कातडी जाड, काळपट व सतत खाजरी होते. पुण्यातील रुग्णांच्या निरीक्षणावरून या विकाराचे वर्णन वैद्यकीय वाङ्मयात १९७० नंतरच्या दशकात आले. झाडाला प्रत्यक्ष हात लावलाच पाहिजे असेही नाही. वाळलेल्या झाडांचा चुरा वाऱ्यावर उडून तोच परिणाम करतो, तर परागांमुळे शिंका, डोळ्यांची आग आणि दमा बळावतो. पहिल्या दिवशी काहीच झाले नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण शरीराला ही असहिष्णुता संपर्कागणिक हळूहळू येते आणि एकदा आली की बहुधा आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. असे असताना शाळेतील लहान मुलांना रांगेने उभे करून उघड्या हातांनी हे गवत उपटायला लावण्याचे जे प्रकार उत्साहाच्या भरात होतात ते मला सर्वस्वी अक्षम्य वाटतात. मुलांना झाड ओळखायला शिकवावे, त्यांच्याकडून नोंदी ठेवून घ्याव्यात, घोषवाक्ये लिहून घ्यावीत; उपटणी प्रौढांनीच करावी. त्या प्रौढांतही ज्यांना दमा आहे, ज्यांच्या अंगाला पूर्वी या गवताने खाज सुटली आहे, त्यांना मोजणी, पाणी वाटप, ढीग कुठे पडावा हे दाखवणे अशी कामे द्यावीत. बाकीच्यांनी हातमोजे, पूर्ण बाह्या, पायांत बूट आणि नाकातोंडावर फडके एवढा बंदोबस्त करावा. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या मनगटापर्यंत बांधाव्यात. घरी गेल्यावर साबणाने स्नान करावे आणि त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवावेत. पावसाळ्यात दाट गवतात घोणस, फुरसे असण्याचा संभव असल्यामुळे हात घालण्यापूर्वी काठीने जागा बडवून घ्यावी आणि जवळच्या ज्या दवाखान्यात सर्पदंशावरील प्रतिविष असते त्याचा ठावठिकाणा आयोजकाने आधीच माहीत करून ठेवावा.

कामाला आरंभ कोठून करावा, यावरही यश पुष्कळ अवलंबून असते. जिथे तण सर्वांत दाट, तिथे सर्वांनी तुटून पडावे, ही स्वाभाविक प्रवृत्ती होय. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात जोन व आयलीन ब्रॅडली या दोघी भगिनींनी आपल्या परिसरातील रानांत परदेशी झुडुपे उपटताना नेमकी याच्या उलट रीत अवलंबली. ज्या ठिकाणी मूळचे रान सर्वांत निरोगी आहे आणि तण विरळ आहे तिथून आरंभ करावा, माती शक्य तितकी कमी उकरावी, आणि मूळच्या वनस्पती रिकामी जागा भरून काढतील त्याच वेगाने दाट तणाकडे सरकावे, असे त्यांचे सूत्र होते. पुढे तेथील स्वयंसेवकांच्या कार्याला त्यापासून दिशा मिळाली. आपल्या गायरानालाही हा न्याय लागू पडतो. ज्या उतारावर पवन्या, मारवेल यांसारखी चराऊ गवते अजून तग धरून आहेत आणि त्यांत गाजर गवताची तुरळक रोपे शिरू लागली आहेत, तो उतार आधी निर्वेध करावा. तिथे थोड्या श्रमात कायमचे फळ मिळते. उकिरड्याजवळचा दाट पट्टा शेवटी घ्यावा.

प्रत्यक्ष दिवशी पाच-पाच माणसांच्या तुकड्या कराव्यात, प्रत्येक तुकडीला दोरीने किंवा चुन्याने आखून दिलेला पट्टा द्यावा, आणि तिच्यात झाड ओळखणारे एक तरी अनुभवी माणूस ठेवावे. बहुधा ही माणसे म्हणजे रोज खुरपणीला जाणाऱ्या बाया, आणि त्यांच्याइतकी अचूक नजर वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही नसते. कोवळ्या रोपाची कातरलेली पाने झेंडूच्या किंवा कॉसमॉसच्या रोपासारखी भासू शकतात, म्हणून नमुन्याची दोन-तीन रोपे सर्वांच्या हाती आधी फिरवावीत. विळ्याने कापू नये. बुडखा राहिला तर त्यातून पुन्हा फुटवे येतात आणि तेही फुलतात. बुंध्याशी धरून, गरज पडल्यास खुरप्याने सैल करून, मुळासकट ओढावे. पहिल्या उपटणीने जमीन मोकळी झाली की खालच्या बियांना उजेड व ओल मिळून पंधरा-वीस दिवसांत दुसरी उगवण होते. हे अपयश मानू नये. ते अपेक्षितच आहे, आणि म्हणूनच तारखा एकाऐवजी तीन ठरवाव्या लागतात. दुसऱ्या फेरीला निम्म्या माणसांत भागते. ग्रामपंचायतीत एक वही ठेवून कोणत्या पट्ट्यात कोणत्या तारखेला किती माणसांनी काम केले आणि त्या वेळी झाडे कळीवर होती की फुलावर, एवढे लिहिले तरी दोन वर्षांत गावाला स्वतःचे वेळापत्रक हाती येते.

उपटलेल्या पाल्याचे खत करता येते, अर्थात ते फुलण्यापूर्वी उपटले असेल तर. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी नाडेप पद्धत या कामाला सोयीची आहे: दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे हवेसाठी भोके ठेवलेले विटांचे टाके, त्यात पाला, शेणकाला व माती यांचे थर, वर शेणामातीचा लेप, आणि तीन-चार महिन्यांनी तयार होणारे खत. बी धरलेली झाडे मात्र उघड्या ढिगात किंवा नाडेप टाक्यात घालू नयेत, कारण कडेच्या थरांत उष्णता पुरेशी चढत नाही व बी जिवंत राहते. त्यांसाठी खोल खड्डा खणून तो वरून लिंपून बंद करावा. जाळणे तर टाळावेच. पावसाळ्यात ओले झाड जळत नाही, धुमसते, आणि त्याचा धूर सर्वांच्याच नाकाडोळ्यांत जातो.

माणसांच्या या प्रयत्नाला साह्य करणारा एक कीटकही आपल्याकडे आहे. मेक्सिकन भुंगेरा या नावाने तो ओळखला जातो. १९८३ साली मेक्सिकोहून बंगलोरला आणून, परीक्षा पाहून, पुढल्या वर्षी तो शिवारात सोडण्यात आला. त्याच्या अळ्या व प्रौढ भुंगेरे दोन्हीही गाजर गवताची पाने खातात, पावसाळाभर खातात, आणि हिवाळ्यात मातीत शिरून स्वस्थ पडतात. मध्यंतरी तो सूर्यफुलावर आढळल्याने मोठी खळबळ उडाली आणि चौकशीही झाली. त्या पिकाला त्याच्यापासून गंभीर धोका नाही, असाच तिचा निष्कर्ष निघाला. उपटणीच्या दिवशी एखाद्या पट्ट्यात चट्ट्यापट्ट्यांचे हे भुंगेरे दाट दिसले तर तो पट्टा तसाच सोडावा, फार तर काही भुंगेरे डब्यात गोळा करून नव्या जागी नेऊन सोडावेत. एकट्या त्याच्या भरवशावर राहता येत नाही, कारण तो भरात येईपर्यंत गवताची पहिली फुले उमलून गेलेली असतात.

रानमोडी, घाणेरी, जलपर्णी या इतर उपद्रवी वनस्पतींच्या बाबतीत रीत निराळी. घाणेरीचे झुडूप नुसते तोडले तर अधिक जोमाने फुटते, म्हणून जमिनीखाली बोट-दोन बोटांवर मूळ तोडून झुडूप उलटे ठेवावे लागते. जलपर्णी नदीत सांडपाणी येत आहे तोवर कितीही काढली तरी परत येते. प्रत्येकीचा फुलण्याचा काळ वेगळा, म्हणून दिवसही वेगळा. तत्त्व एकच.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती गोष्ट शेवटी सांगतो, कारण तिच्यावाचून वरचे सर्व अपुरे आहे. गाजर गवत उपटून मोकळी केलेली जमीन मोकळी ठेवली तर ती पुन्हा त्याचीच होते. तिथे दुसऱ्या वनस्पतीने आधी येऊन बसले पाहिजे. या कामी आपला टाकळा, ज्याला काही भागांत तरोटा म्हणतात, उत्तम ठरला आहे. तो मृगाच्या पावसाबरोबरच दाट उगवतो, गाजर गवताच्या रोपांवर सावली धरून त्यांना वर येऊ देत नाही, आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजी कोकणात व देशावर पावसाळ्याच्या आरंभी आवडीने खाल्ली जाते. त्याच्या शेंगा पावसाळा सरल्यावर वाळू लागतात आणि रस्त्यारस्त्याच्या कडेला फुकट मिळतात. त्या वेचून, बी झोडून, कोरड्या पोत्यात ठेवून, मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, उपटणीसाठी नेमलेल्या जागांवर फोकून टाकावे लागते, एवढेच. हिवाळ्यात शिबिरे भरवणाऱ्या महाविद्यालयांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी आपल्या स्वयंसेवकांच्या हाती वाळलेले गाजर गवत देऊ नये. त्यांच्याकडून टाकळ्याच्या शेंगा गोळा करून घ्याव्यात, त्या बियांची पोती ग्रामपंचायतीच्या हवाली करावीत, आणि १ मेच्या ग्रामसभेत ती फोकण्याची तारीख गावाकडून ठरवून घ्यावी.